सुरक्षित म्हणजे किती वर्षे सुरक्षित?

९ जुलै २००४ रोजी वॉशिंग्टनमधल्या अपील न्यायालयाने अमेरिकी सरकारला सुनावले, की दहा हजार वर्षे कमी पडतात. प्रकरण नेवाडा राज्यातल्या युक्का डोंगराचे होते. देशभरच्या अणुभट्ट्यांत वापरून झालेले इंधन या डोंगराच्या पोटात कायमचे पुरायचे ठरले होते. पुढची दहा हजार वर्षे तिथून बाहेर पडणारा किरणोत्सार ठरावीक मर्यादेत राहील हे दाखवा, मग परवानगी, असा नियम पर्यावरण संरक्षण संस्थेने केला होता. नेवाडाने त्यावर बोट ठेवले. हा नियम राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या शिफारशींना धरून असावा असे कायद्यातच लिहिले होते. अकादमीने तर १९९५ मध्येच सांगितले होते, की धोका ज्या काळात सर्वांत जास्त असेल तिथपर्यंतचा हिशेब करा, आणि तो काळ दहा हजार वर्षांच्या कितीतरी पलीकडे असू शकतो. न्यायाधीशांनी अकादमीची बाजू उचलून धरली. २००८ मध्ये सुधारित नियम आला. त्यात हिशेबाची मुदत होती दहा लाख वर्षे.

दहा हजार वर्षांपूर्वी माणूस नुकता शेती शिकत होता. दहा लाख वर्षांपूर्वी आजचा माणूस जन्मालाच आला नव्हता. एवढ्या लांबच्या काळाबद्दल एखादी संस्था सहीशिक्क्यानिशी ‘जागा सुरक्षित आहे’ असे म्हणते, तेव्हा ती नेमके कशाची हमी देत असते? आणि ती हमी आज कोणी, कशाच्या आधारे तपासायची? या विशेषांकाचा विषय एवढाच आहे. अणुऊर्जा हवी की नको हा वाद इथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तो कसाही सुटला तरी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत साठलेला कचरा आहेच, आणि तो कुठे ना कुठे ठेवावा लागणार आहे.

हा कचरा सगळा एका जातीचा नसतो. रुग्णालयांतले, प्रयोगशाळांतले आणि अणुवीज केंद्रांतले हातमोजे, गाळण्या, कपडे, हत्यारे यांत प्रामुख्याने कमी आयुष्याची द्रव्ये असतात. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे अर्धायुष्य साधारण ३० वर्षांचे. दहा अर्धायुष्ये, म्हणजे ३०० वर्षे गेली, की मूळ साठ्याचा जेमतेम हजारावा हिस्सा उरतो. म्हणून असा कचरा जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांत ठेवून दोन-तीन शतके त्यावर राखण ठेवायची, ही पद्धत अनेक देशांनी पत्करली आहे. तीनशे वर्षे म्हणजे थोरल्या बाजीरावांपासून आजपर्यंतचा काळ. तो मोठा आहे, पण माणसाच्या आवाक्यातला आहे. पेशवे दफ्तराचे रुमाल आजही पुण्यात सोडून वाचता येतात.

खरी अडचण भट्टीतून निघालेल्या इंधनाची. बाहेर काढल्यावर ते इतके प्रखर असते, की आडोशाशिवाय त्याच्याजवळ काही मिनिटे उभे राहणेही प्राणघातक ठरते. पहिली काही शतके हा जोर सीझियम-स्ट्रॉन्शियमचा असतो. तो ओसरल्यावर दीर्घायुषी मंडळी उरतात. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे, टेक्नेशियम-९९ चे दोन लाखांहून अधिक, नेप्च्युनियम-२३७ चे २१ लाखांहून अधिक आणि आयोडीन-१२९ चे तर १ कोटी ५७ लाख वर्षे. ज्या युरेनियम खनिजापासून हे इंधन बनले, त्या खनिजाच्या विषारीपणाच्या पातळीवर यायला त्याला सुमारे एक लाख वर्षे लागतात. तोवर कुंपण, पहारेकरी आणि सरकार टिकेल हे गृहीत धरता येत नाही. म्हणून खडकाला पहारेकरी नेमायचे, हा भूगर्भात पुरण्यामागचा विचार.

हा विचार प्रत्यक्षात सर्वांत पुढे गेला आहे तो फिनलंडमध्ये. तिथल्या लोविसा केंद्राचे वापरलेले इंधन १९९६ पर्यंत रशियात पाठवले जात होते. १९९४ मध्ये कायदा बदलला आणि देशात तयार झालेला अणुकचरा देशातच मुरवायचा, असे ठरले. पुढच्याच वर्षी वीज कंपन्यांनी मिळून पोसिवा ही कंपनी काढली. देशभर चाळणी लावून चार जागा सविस्तर तपासण्यात आल्या आणि शेवटी पश्चिम किनाऱ्यावरचे ओल्किलुओटो हे बेट निवडले गेले. स्थानिक नगरपालिकेला नकाराधिकार होता, तो तिने वापरला नाही. मे २००१ मध्ये संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी मान्यता दिली. २००४ मध्ये खोदकाम सुरू झाले, २०१५ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोसिवाने प्रत्यक्ष कचरा ठेवण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. सरकारने पहिले वेळापत्रक आखले होते १९८३ मध्ये. जागा निवडण्यापासून अर्ज करण्यापर्यंत एका पिढीची नोकरी संपली.

त्या बेटाखाली, ४०० मीटरहून अधिक खोलीवर, ओन्कालो नावाचे बोगद्यांचे जाळे आहे. खडक नाइस आणि ग्रॅनाइट जातीचा, १८० ते १९० कोटी वर्षांपूर्वीचा. बोगद्याच्या जमिनीत उभी, विहिरीसारखी गोल भोके पाडलेली आहेत. प्रत्येक भोकात एक डबा उतरवायचा. त्याच्या आतल्या अंगाला बिडाचा गाभा, त्यात इंधनाच्या जुड्या, आणि बाहेरून सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचे तांबे. झाकण बसवताना तांबे वितळवत नाहीत. फिरत्या हत्याराच्या घर्षणाने ते मऊ करून कड एकजीव करतात, कारण सांध्यात राहिलेली बारीकशी पोकळीही पुढे महागात पडू शकते. डबा आणि खडक यांच्यामध्ये बेंटोनाइटचे ठोकळे. मुंबईत इमारतींच्या पायलिंगच्या वेळी भोक ढासळू नये म्हणून ज्याचे पाणी भरतात, तीच ही माती. ओली झाली की फुगते आणि सगळ्या फटी बुजवते. मग तिच्यातून पाणी वाहत नाही, फक्त अतिशय सावकाश झिरपते. कच्छमधल्या बेंटोनाइटवरही स्वीडनच्या अणुकचरा कंपनीने अशा कामासाठी चाचण्या घेतल्या आहेत.

तांबे, माती आणि खडक असे तीन अडसर. एक गेला तर दुसऱ्याने भार घ्यायचा, अशी ही रचना. ती लाख वर्षे टिकेल की नाही, हे कसे ठरवायचे?

सुरुवात होते एका लांबलचक यादीने. या जागेत काय काय आहे, इथे काय काय घडू शकते आणि कोणत्या क्रिया चालू राहतील, याची शेकडो कलमे त्यात असतात. भूकंप, हिमयुग, समुद्राची पातळी, खाऱ्या पाण्याचे गोडे होणे, डब्यातले बीड गंजून तयार होणारा हायड्रोजन, उल्कापात, झाडांची मुळे, जंतू. कलम वगळायला हरकत नाही, पण का वगळले ते लेखी द्यावे लागते. जंतूंचेच उदाहरण घ्या. सल्फेटवर जगणारे काही जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि सल्फाइड तांब्याला खाते. म्हणून बेंटोनाइट इतकी घट्ट दाबलेली हवी, की तिच्यात जिवाणूला हातपाय पसरायला जागाच मिळू नये. कागदावरची ही नोंद पुढे ठोकळ्यांच्या घनतेची किमान मर्यादा बनते. कारखान्यातल्या दाबयंत्राचा आकडा असा जंतूंच्या भीतीतून येतो.

यादीतून मग कथानके रचली जातात. सगळे ठरल्याप्रमाणे झाले तर काय, हे पहिले. त्यानंतर बिघाडांची पाळी. एखादा डबा पहिल्या दिवसापासूनच सदोष निघाला तर? बेंटोनाइट वाहून गेली तर? खडक सरकला तर? शेवटचे दोन प्रश्न फिनलंड-स्वीडनमध्ये हवेतले नाहीत. गेल्या हिमयुगात या भूभागावर दोन ते तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या वजनाने दबलेली जमीन आजही वर येते आहे. ओल्किलुओटोला वर्षाला सुमारे ६ मिलिमीटर. बर्फ वितळताना उत्तर स्वीडनमध्ये मोठे भूकंप झाले. पॅर्वी नावाचा तिथला प्रस्तरभंग सुमारे १५० किलोमीटर लांब आहे. म्हणून स्वीडनच्या आराखड्यात डबा ५ सेंटिमीटरपर्यंतचा खडकाचा सरकाव सोसेल असा केला जातो, आणि ज्या भोकाला मोठी भेग छेदून जाते ते भोक सोडून दिले जाते. हिमनदीखालचे गोडे पाणी खोलवर पोचले तर बेंटोनाइटचे कण सुटे होऊन वाहून जाऊ शकतात, हेही त्यात धरलेले असते.

जमीन वर येते आहे, म्हणजे हजार वर्षांत ती सहा मीटर उंचावणार. आजचे बेट बेट राहणार नाही. समुद्र मागे सरेल, खोलगट जागी तळी होतील, तळ्यांची दलदल आणि दलदलीची शेती होईल. हिशेब करणारे या भावी भूगोलाचे नकाशे काढतात आणि त्यात एक मानीव कुटुंब वसवतात. ते तिथल्याच विहिरीचे पाणी पिते, तिथलेच धान्य, दूध आणि मासे खाते. या कुटुंबातल्या माणसाला वर्षाला किरणोत्साराचा किती डोस पोचेल? फिनलंडमधली मर्यादा ०.१ मिलिसिव्हर्टची आहे. जगातल्या सरासरी माणसाला माती, हवा आणि आकाशातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट तसाही मिळतोच. मात्र पहिल्या काही हजार वर्षांनंतर फिनलंडचा नियम या कुटुंबाचा नाद सोडतो. तेव्हाच्या माणसांची राहणी कशी असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून पुढच्या काळासाठी खडकातून वर येणाऱ्या प्रत्येक द्रव्याच्या प्रमाणावरच मर्यादा घातलेली आहे. डोसचा आकडा हे भाकीत नव्हे, ती मोजपट्टी आहे, हे नियम करणारेच अशा रीतीने मान्य करतात.

असे हिशेब केले की निकाल बरेचदा अंदाजाच्या उलट लागतो. प्लुटोनियमच्या नावाने सगळ्यांचा थरकाप होतो, पण जमिनीखाली प्लुटोनियम आळशी आहे. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही आणि मातीला चिकटून बसते. पुढे जाते ते आयोडीन-१२९, क्लोरीन-३६ आणि कार्बन-१४, कारण ही द्रव्ये पाण्याबरोबर वाहतात. स्वीडनच्या फोर्समार्क इथल्या जागेच्या २०११ सालच्या मूल्यमापनात तर दूरच्या काळातला सर्वांत मोठा वाटा रेडियम-२२६ चा निघाला. मेरी क्यूरीने शोधलेले ते मूलद्रव्य इंधनातल्या युरेनियमच्या क्षयातून सावकाश तयार होत राहते. सहा हजारांच्या आसपास डबे आणि दहा लाख वर्षे धरून, गंजून फुटणाऱ्या डब्यांची सरासरी संख्या एकाहूनही कमी येते, असे त्या मूल्यमापनाचे म्हणणे आहे.

हे म्हणणे कशावर उभे आहे? प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर असे म्हणावे, तर त्यांचा आवाका तोकडा आहे. या क्षेत्रातल्या दीर्घ प्रयोगांपैकी एक स्वित्झर्लंडच्या ग्रिमसेल बोगद्यात झाला. विजेचे मोठे हीटर बेंटोनाइटमध्ये पुरून १९९७ मध्ये ते तापवायला सुरुवात केली, आणि शेवटचा हीटर २०१५ मध्ये उकरून काढला. अठरा वर्षे. लाख वर्षांसमोर अठरा वर्षे!

म्हणून शास्त्रज्ञ निसर्गाकडे आणि इतिहासाकडे साक्षी मागतात. आफ्रिकेतल्या गॅबन देशात ओक्लो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या नैसर्गिक साठ्यातच अणुविखंडन आपोआप सुरू झाले आणि थांबत-थांबत लाखो वर्षे चालले. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या कारखान्यात या खनिजातले युरेनियम-२३५ किंचित कमी भरले आणि गोष्ट उघडकीला आली. तिथे ना डबा होता ना काँक्रीट, तरी तयार झालेले प्लुटोनियम जवळजवळ जागच्या जागी विरून गेले. सीझियम आणि आयोडीन मात्र निसटले. कॅनडातल्या सिगार लेकचा युरेनियमचा साठा सुमारे १३० कोटी वर्षे जुना, सव्वाचारशे मीटरहून खोल आणि अतिशय समृद्ध आहे. त्याच्याभोवती मातीचे आवरण आहे, आणि वर जमिनीवर त्याचा किरणोत्सारी मागमूसही लागत नाही.

तांब्यासाठी साक्ष आहे एका तोफेची. शिवराज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी, १६७६ मध्ये, क्रोनान नावाची स्वीडिश युद्धनौका बाल्टिक समुद्रात बुडाली. तिची एक काशाची तोफ तोंडाच्या बाजूने चिखलात रुतून तीनशे वर्षे उभी होती. तिच्यात तांबे ९५ टक्क्यांहून अधिक. बाहेर काढून मोजले तेव्हा गंजण्याचा वेग वर्षाला सुमारे ०.१५ मायक्रोमीटर निघाला. या वेगाने लाख वर्षांत दीड सेंटिमीटर तांबे जाईल. डब्याचे तांबे पाच सेंटिमीटर आहे. लोखंडाची साक्ष स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलची. रोमन फौजेने इ.स. ८७ च्या सुमारास तळ सोडताना पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे खड्ड्यात पुरले. १९६० मध्ये ते सापडले तेव्हा बाहेरच्या खिळ्यांचा गंजून खडा झाला होता आणि आतले बरेच खिळे शाबूत होते. बाहेरच्यांनी ऑक्सिजन खाऊन आतल्यांना वाचवले होते.

या साक्षी मोहक आहेत, आणि तिथेच सावध व्हायला हवे. जे टिकले तेच आपल्याला सापडते. गंजून, विरघळून, वाहून गेलेल्या तोफा आणि खनिजे साक्ष द्यायला येत नाहीत. शिवाय तोफ थंड चिखलात होती. डबा पहिली काही हजार वर्षे गरम असणार.

तांब्याबद्दलचा वाद तर स्वीडनमध्ये न्यायालयात पोचला. ऑक्सिजन नसलेल्या शुद्ध पाण्यात तांबे गंजत नाही, हे पाठ्यपुस्तकातले विधान या साऱ्या आराखड्याच्या मुळाशी आहे. स्टॉकहोमच्या राजेशाही तंत्रविद्यापीठातले गुन्नार हुल्टक्विस्ट यांनी १९८६ मध्ये त्यालाच हात घातला. अशा पाण्यातही तांब्यावर क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, असे त्यांनी मांडले. पुढे पीटर साकालोस आणि इतर सहकाऱ्यांनी तेच काम चालवले. दुसऱ्या गटांनी प्रयोग पुन्हा केले, तेव्हा त्यांना असे दीर्घकाळ चालणारे गंजणे दिसले नाही. जानेवारी २०१८ मध्ये एकाच दिवशी दोन मते आली. किरणोत्सार सुरक्षा प्राधिकरणाने सरकारला ‘परवानगी द्यावी’ असे कळवले, तर पर्यावरण न्यायालयाने ‘डब्याबद्दल आणखी पुरावा आल्याशिवाय नको’ असे सांगितले. कंपनीला वाढीव अहवाल द्यावा लागला. सरकारने २०२२ च्या जानेवारीत मान्यता दिली आणि २०२५ मध्ये कामाला सुरुवात झाली. विरोधक बरोबर होते की चूक, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्यांच्या एका शंकेने चार वर्षे काम अडले, आणि त्या चार वर्षांत तांब्यावर जे संशोधन झाले ते एरवी इतक्या निकडीने झाले नसते.

जर्मनीत असे कोणी अडवले नाही, त्याचे काय झाले ते आस्से इथे पाहायला मिळते. लोअर सॅक्सनी राज्यातली ही जुनी मिठाची खाण. १९६७ ते १९७८ या काळात ‘संशोधना’च्या नावाखाली तिथे सुमारे १ लाख २६ हजार पिंपे उतरवली गेली. सुरुवातीला ती नीट रचली. नंतर नंतर यंत्राने उतारावरून खाली लोटून वर मीठ पसरले. मीठ कोरडे असते, पाणी असते तर मीठच राहिले नसते, असा युक्तिवाद होता. पण त्याच डोंगरातली पहिली खाण १९०६ मध्ये पाण्याने भरून बंद पडली होती, आणि पुढे तिसरीही पाण्यानेच गेली. म्हणजे पुरावा शेजारीच होता. १९८८ पासून या खाणीतही पाणी शिरू लागले. रोज सुमारे बारा हजार लिटर, म्हणजे मराठवाड्यातल्या टंचाईग्रस्त गावात येणारा एक मोठा टँकर. किरणोत्सारी खारे पाणी खाणीत साठल्याचे २००८ मध्ये चव्हाट्यावर आले. २०१३ मध्ये खास कायदा करून सगळी पिंपे परत वर काढायची असे ठरले. ती २०३३ पासून काढायला सुरुवात करायचे नियोजन आहे. आस्सेच्या बाबतीत लाख वर्षांचा हिशेब चुकला नाही. तो धडपणे मांडलाच गेला नव्हता.

न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबादजवळची जागा नेमकी उलट्या टोकाची. तीही मिठातली, २५ कोटी वर्षे जुन्या थरातली, जमिनीखाली साडेसहाशे मीटरवर. अण्वस्त्र कारखान्यांतला प्लुटोनियमयुक्त कचरा १९९९ पासून तिथे जातो. तिचा दहा हजार वर्षांचा हिशेब पानोपान तपासलेला. १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री तिथले एक पिंप आतून तापून फुटले आणि किरणोत्सारी धूळ पसरली. पिंपातला द्रव शोषण्यासाठी लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत मांजरांच्या शौचपेटीत घालतात तो भरड पदार्थ टाकत असत. तो आधी खनिज मातीचा होता. कधीतरी त्याच्या जागी गव्हापासून बनवलेला आला. नायट्रेट क्षार आणि धान्याचा भुसा एकत्र आल्यावर जे व्हायचे ते झाले. वीसहून अधिक कामगारांच्या शरीरात अल्प प्रमाणात किरणोत्सार आढळला आणि केंद्र जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले. दहा हजार वर्षांच्या हिशेबात खडकाचे वागणे अचूक धरले होते. घोटाळा झाला तो खरेदी-विभागाच्या यादीत, आणि तोही पंधरा वर्षांच्या आत.

माणसाचा हा हात हिशेबात धरणे सर्वांत अवघड. भावी काळात कोणी अजाणता तिथेच बोअर मारली तर? इशारा कोणत्या भाषेत लिहावा यावर अमेरिकेत १९८० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञांनी अहवाल लिहिले. नियमांनी मात्र साधा रस्ता धरला. कार्ल्सबादच्या भोवताली तेल आणि वायूचे पट्टे आहेत. तिथे गेल्या शंभर वर्षांत सरासरी किती विहिरी खोदल्या गेल्या ते मोजायचे, आणि पुढची दहा हजार वर्षे त्याच वेगाने खोदकाम होईल असे धरायचे. सरकारच्या पहाऱ्याचा फायदा पहिल्या शंभर वर्षांपलीकडे हिशेबात घ्यायचा नाही. दर पाच वर्षांनी हे आकडे नव्याने मांडावे लागतात, आणि अलीकडच्या तेलाच्या धुमाळीत विहिरींचा वेग वाढतच गेला आहे.

युक्का डोंगरालाही पाण्यानेच गाठले. अणुचाचण्यांमुळे १९५० च्या दशकात हवेत आलेले क्लोरीन-३६ बोगद्यातल्या खडकात सापडल्याचे लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात सांगितले. तसे असेल तर पावसाचे पाणी पन्नास वर्षांत तीनशे मीटर खाली उतरले होते. दुसऱ्या गटाला पुढे ते आकडे पुन्हा मिळाले नाहीत. पण प्रकल्प अडला तो यावर नव्हे. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बाकीच्या जागा वगळून नेवाडाच्या गळ्यात तो एकतर्फी मारला, तेव्हापासूनचा रोष शेवटी भारी पडला. २०१० पासून काम ठप्प आहे.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. भारत वापरलेले इंधन थेट पुरत नाही. त्यातले युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतो आणि उरलेला प्रखर द्रव काचेत घट्ट करतो. त्याची मुख्य केंद्रे तुर्भे, तारापूर आणि कल्पक्कम. युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतल्यामुळे दीर्घायुषी द्रव्यांचा साठा बराच घटतो, पण संपत नाही. ही बोरोसिलिकेट काच पोलादी डब्यांत ओततात, आणि तारापूरच्या साठवण केंद्रात ते डबे हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने निवत ठेवलेले असतात. कमी किरणोत्साराचा कचरा त्या त्या केंद्राच्या आवारातच काँक्रीटच्या खंदकांत जातो. काच किती काळ टिकेल हे समजण्यासाठी आपल्याकडच्या भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सापडणारी नैसर्गिक काच अभ्यासली आहे. साडेसहा कोटी वर्षांत तिच्यावर पाण्याने काय परिणाम केला, ते त्या खडकात वाचता येते.

कायमच्या पुरण्याची जागा भारताने अजून निवडलेली नाही. कचऱ्याचे प्रमाण थोडे असल्याने इतक्यात ती गरज नाही, अशी अणुऊर्जा विभागाची भूमिका आहे. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९८० च्या दशकात हीटर लावून खडक तापवण्याचा प्रयोग झाला होता. २०१२ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या खटल्यात कोलारचे नाव निघाले आणि तिथले लोक रस्त्यावर उतरले. असा कोणताही बेत नाही, असा खुलासा केंद्राला करावा लागला. जागेची चर्चा व्हायच्या आधी अफवा पोचली, तर पुढचा कोणताही हिशेब कोणी ऐकून घेत नाही, हे तेव्हा दिसले.

पुढचे लेख वाचताना वाचकाने आकड्यापाशी थांबू नये. मिलिसिव्हर्टचा दशांश असो वा दहा लाखांत एक अशी जोखीम असो, आकडा कोणत्या कथानकाचा आहे, कोणते कलम वगळून काढलेला आहे आणि वगळण्याचे कारण छापले आहे का, ते पाहावे. हिशेब करणारा आणि तपासणारा वेगळे आहेत का, आणि तपासणाऱ्याने कधी काही परत पाठवले आहे का, तेही पाहावे. फोर्समार्कच्या कागदपत्रांत ही उत्तरे मिळतात. आस्सेच्या वेळी ती मागणारेच कोणी नव्हते. उद्या भारतात एखाद्या खडकाचे नाव पुढे आले, तर ते मूल्यमापन तिथल्या लोकांच्या भाषेत, मंजुरीच्या आधी आणि संपूर्ण छापले जावे, अशी मागणी आजपासूनच करायला हवी.